मशीन नव्हं, सेल गेलाय

[पडदा काळा. फक्त कीबोर्डचा आवाज.]

टक टक टक टक टक.

हा आवाज कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला. बोट दुकानवाल्या दादांचं, बटण डिलीटचं. पॉवर बटण दाबल्यापासून लोगो जाईपर्यंत दोन-तीन सेकंदं मिळतात, तेवढ्यात हे बटण लागून मशीनच्या आतल्या सेटिंगचा पडदा उघडला पाहिजे, नाहीतर विंडोज सुरू होतं आणि परत पहिल्यापासनं. म्हणून दादा एकदा दाबून वाट बघत नाहीत, टकटकवत राहतात. काही मदरबोर्डांना, म्हणजे मशीनच्या आतल्या मुख्य पाटीला, डिलीट, काहींना एफ२, काही ब्रँडेड मशीनला एफ१०. मागं भिंतीवर त्याची यादी चिकटवलेली दिसतीय, कडेला चहाचे डाग पडलेली.

लागलं. हा बघा निळा-करडा पडदा.

बहुतेक लोक इथवर आले की हात मागं घेतात. माऊस चालत नाही, अक्षरं सगळी इंग्रजी, आणि मनात एकच, की काय चुकीचं दाबलं तर मशीन जाईल. याला कोण बायोस म्हणतं, कोण सेटअप म्हणतं, नव्या मशीनमध्ये याचंच नाव यूईएफआय झालंय, पण काम तेच. विंडोज जागं व्हायच्या आधी मशीनला उठवायचं, रॅम किती, डिस्क कुठली, पंखा फिरतोय का ते बघायचं आणि मग गाडी विंडोजच्या हातात द्यायची. आम्ही हा व्हिडिओ करायला घेतला तो त्या मागं घेतलेल्या हातासाठी, कारण त्या भीतीवर काही लोकांचा धंदा चालतो. दादांचा नाही, ते बघालच.

[जिन्यावरून सीपीयू वर येतोय. ओढणीत गुंडाळलेला.]

आज आलंय ते मंगळवार पेठेतल्या काकींचं मशीन. झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान, सीझन तोंडावर.

"बसा काकी. काय म्हणतंय मशीन?"

"म्हणतंय काय, रोज सकाळी पडदा काळा आणि एफ वन दाबा म्हणतंय. दाबलं की चालू होतंय. पण तारीख बघ की, २०१३ दावतंय. आणि इंटरनेट उघडंना. एकाकडं दावलं तर म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या."

दादा काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि स्क्रू काढायला घेतला.

तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध असं आम्हाला पण वाटलं होतं. आता जवळजवळ प्रत्येक साईटकडं एक सुरक्षेचं सर्टिफिकेट असतं आणि त्याच्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. मशीनचं घड्याळ २०१३ मध्ये असेल तर त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, मग ब्राउझर दार उघडत नाही. नेट ठीक, वायफाय ठीक, साईट ठीक, घड्याळ चुकीचं.

[ब्लोअर. धूळ. खिडकीतून ऊन.]

हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. बघा नुसतं.

आता खाली बोर्डावर या, कोपऱ्यात. रुपयाच्या नाण्याएवढी ती चकती. सीआर२०३२. नावातच माप आहे, २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. दादा पितळी क्लिप नखानं बाजूला करतात, सेल उडून वर येतो, मल्टिमीटर लावतात. आकडा बघा. २.२. नवा सेल याच जागी ३ व्होल्टच्या वर दाखवतो.

बास. एवढाच मदरबोर्ड गेला होता.

या सेलवर एक घड्याळ चालतं, मशीन बंद असताना पण. शेजारची ती छोटी चंदेरी नळी म्हणजे क्रिस्टल, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. असा वाकडा आकडा का, तर तो १५ वेळा अर्धा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. वायर भिंतीत असेल आणि तिथला स्विच चालू असेल तर मशीन बंद असलं तरी सप्लायमधनं थोडी वीज येत राहते आणि सेलवर ताण पडत नाही. पण आपल्याकडं दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायची पद्धत. मग रात्रभर, रविवारभर, दिवाळीच्या सुट्टीभर सगळा भार या चकतीवर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात माळ्यावर चढवून ठेवलेली मशीनं नंतर अशीच तारीख विसरून खाली आली, असं दादा सांगतात.

[जुन्या बोर्डांचा ढीग. एकेक उचलून टेबलावर.]

हा ढीग दिसला आणि आमचा अर्धा दिवस इथंच गेला, त्यामुळं जरा मागं जाऊया.

१९८१ साली आयबीएमनं पहिला पीसी आणला तेव्हा असला सेटअपचा पडदा नव्हताच. झाकण उघडायचं आणि बोर्डावरचे बारके स्विच पेनाच्या टोकानं वर-खाली करायचे, रॅम एवढी, फ्लॉपी दोन, पडदा अमुक. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये पहिल्यांदा बॅटरीवर जगणारी चिप आली. मोटोरोलाची, जागा ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळ आणि त्याच्या कारभाराचे, सेटिंगला राहिले ५०. आज युनिकोडमध्ये 'कोल्हापूर' एवढा एक शब्द २७ बाइट खातो, म्हणजे मशीनची सगळी आठवण ज्या जागेत ठेवायची तिथं कोल्हापूर दोनदा लिहिता येत नव्हतं. आणि सेटिंग बदलायला फ्लॉपी घालावी लागायची. तो पडदा बोर्डाच्या आतल्या चिपमध्ये नंतर आला.

आता खरी गोष्ट. आयबीएमच्या पीसीत बाकी सगळे पार्ट बाजारात मिळणारे होते, एक बायोस सोडून. तो त्यांचा. कॉपी केला तर कोर्ट. मग कॉम्पॅक कंपनीनं काय केलं, एका टोळीला बायोस वाचायला बसवलं आणि तो काय काय करतो एवढंच कागदावर लिहून घेतलं, आणि ज्यांनी मूळ कोड बघितलाच नव्हता अशा दुसऱ्या टोळीला तो कागद देऊन नव्यानं लिहायला लावलं. चोरी नाही आणि काम तेच. १९८४ मध्ये फिनिक्सनं असाच बायोस बनवून ज्याला पाहिजे त्याला विकायला काढला, आणि १९८५ मध्ये अमेरिकन मेगाट्रेंड्स आली, तीच ती एएमआय, जिचं नाव काकींच्या पडद्यावर खाली दिसतंय. कुलूप एकदाच उघडलं आणि कुणीही बोर्ड बनवावा, कुणीही जोडावा असं झालं. राजारामपुरीतल्या गल्ल्यांत 'असेंबल' हा जो धंदा उभा राहिला, कॉलेजच्या पोरांना हप्त्यावर कॉम्प्युटर मिळाले, दादा स्वतः त्यात शिकले, त्याचं मूळ त्या दोन टोळ्यांत आहे. आणि आज त्याच पडद्याला हात लावू नका म्हणून सांगणारे आपल्याच गल्लीत.

असो. नवा सेल बसला. ४० रुपये.

[पडदा. तारखेवर कर्सर.]

सेल गेला तसं जुन्या बोर्डावरची सेटिंग पण पुसली, म्हणून आधी लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स, म्हणजे कंपनीनं ठरवलेलं मूळ. काही गोंधळ झाला तर इथंच परत यायचं, हे लक्षात असलं की निम्मी भीती जाते. मग तारीख, वेळ. मग बूटच्या, म्हणजे मशीननं आधी कुठनं सुरू व्हायचं त्या पानावर, पेनड्राइव्ह पहिला आणि डिस्क तिसरी पडलेली, ती उचलून पहिली. एफ१०, यस. आणि एक, एंटर दाबलं म्हणून काही लगेच बदलत नाही, एफ१० करून बाहेर पडेपर्यंत सगळं कच्चं असतं. घाबरला तर सेव्ह न करता बाहेर या, काय झालं नाही असं समजा. दादांनी काकींना स्वतः बाण बटणं फिरवायला लावली. काकींचा चेहरा दिसतोयच.

[दुसरं मशीन. उद्यमनगर. कॅबिनेटवर लोखंडाचा भुसा.]

हे वर्कशॉपमधलं. ड्रॉइंग काढायचं मशीन. याचा पण सेल गेलेला, मालकानं स्वतःच बदलला, शाब्बास, पण त्यानंतर विंडोज उघडताना हा दुसरा निळा पडदा. सेटअपचा नव्हे, विंडोज रडतं तेव्हाचा. सांगणाऱ्यांनी सांगितलं हार्डडिस्क गेली, डेटा गेला. दादांनी परत टकटक केली, आत गेले, साटा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते बघितलं. आयडीई. विंडोज टाकताना तो एएचसीआय होता, सेल काढल्यावर बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर गेला आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना, घरातलाच माणूस पण टोपी बदलून दारात उभा. एक ओळ बदलली. एफ१०.

[ड्रॉइंग उघडतं. पोरगा.]

इथं आम्ही काही बोलत नाही.

तिसरं मशीन चांगलं, नवं-नवं, पण विंडोज ११ घ्यायला गेलं की 'हा पीसी चालत नाही'. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले, तेव्हापासनं दुकानात हे लय येतंय आणि बरेच जण सरळ मशीन बदलतायत. दादा आत जाऊन दोन गोष्टी बघतात, टीपीएम आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर आत सोडणारा पहारेकरी. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची तिजोरी, इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावानं दडलेली असते, एएमडीवर एफटीपीएम. मशीनमध्ये असते, पण बऱ्याच ठिकाणी कंपनीनं बंद ठेवलेली. हे बघा, डिसेबल्डचं एनेबल्ड. प्रोसेसर लय जुना असेल तर याचा उपयोग नाही. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असेल तर आधी ती मांडणी बदलावी लागते, बॅकअप घेऊन. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर हे करायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर डेटा कुलपात.

बायोस अपडेटचं शूटिंग आमच्याकडं नाही. त्या दुपारी लाईट गेली, आणि लाईटीचा भरवसा नसताना दादा ते करतच नाहीत. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरंच मरू शकतो.

[संध्याकाळ. मंगळवार पेठ. दुकानात ट्यूबलाईट.]

काकींचं मशीन परत टेबलाखाली. पडद्यावर आजची तारीख, प्रिंटरमधनं गणपतीचं चित्र असलेली पत्रिका बाहेर येतीय, अजून ओली. जाताना दादांनी सांगितलं होतं, काकी, रात्री मेन बंद करू नका, कॉम्प्युटर तेवढा बंद करा, सेल जास्त टिकतोय.

"बरं," म्हणाल्या. मग कॅमेऱ्याकडं बघून, "पर वळवाचा पाऊस, त्या विजा... मी मेन बंदच करतो."

सबटायटलवाल्यांनी इथं 'करते' करू नये, काकी 'करतो'च म्हणाल्या.

[खट्. अंधार.]