प्रवाहाच्या उलट दिशेने : लक्झर ते अस्वान, शिडाच्या नौकेतून

लक्झर आणि अस्वान ही दक्षिण इजिप्तमधील दोन शहरे नाईल नदीच्या काठी, एकमेकांपासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर वसलेली आहेत, आणि प्राचीन इजिप्तची आजवर उत्तम स्थितीत टिकलेली बरीचशी मंदिरे याच पट्ट्यात आहेत. येथे येणारे बहुतेक पर्यटक अनेक मजली, इंजिनावर चालणाऱ्या जहाजांतून प्रवास करतात. या लेखातील प्रवास मात्र दहबिया या दोन डोलकाठ्यांच्या लाकडी नौकेतून होणार आहे. या नौकेत जेमतेम आठ-दहा खोल्या असतात, वर मोकळा सज्जा असतो, आणि प्रवाशांसोबत खलाशी, आचारी व प्राचीन इजिप्तच्या इतिहासाचे शिक्षण घेतलेला परवानाधारक मार्गदर्शक असतो. नौका कोठे थांबणार हे आधी ठरलेले असते, पण तेथे ती नेमकी केव्हा पोहोचेल याचे उत्तर वाऱ्याकडे असते.

नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, तर तिच्या खोऱ्यात वर्षातील बराच काळ वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. उत्तरेकडे जायचे असेल तर शीड उतरवून नौका प्रवाहाबरोबर सोडावी आणि दक्षिणेकडे जायचे असेल तर शीड उभारून वाऱ्याच्या जोरावर प्रवाह चढावा, अशी ही निसर्गदत्त सोय आहे. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही दक्षिणेकडील प्रवासासाठी शीड उभारलेल्या नौकेचे चिन्ह आहे, आणि उत्तरेकडील प्रवासासाठी शीड नसलेल्या नौकेचे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दहबियाचे किंवा फेलुका या छोट्या नौकेचे तिरके, त्रिकोणी शीड फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळातले नाही. त्या काळातील शिडे चौकोनी होती आणि त्रिकोणी शीड बऱ्याच शतकांनंतर नाईलवर रूढ झाले. कोकण किनाऱ्यावरील जुनी गलबते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे शीड ओळखीचे वाटेल, कारण अरबी समुद्रातील नौकांची शिडे याच कुळातील आहेत. पर्यटन संस्थांच्या जाहिरातींत या नौकांना सरसकट 'फॅरोकालीन' म्हटले जाते. ते खरे नसले तरी ज्या वाऱ्यावर त्या चालतात तो वारा मात्र निश्चितच तेवढा जुना आहे.

बहुतेक सहलींची सुरुवात कैरोजवळ गीझा येथील पिरॅमिडपासून होते. नदीचा आणि पिरॅमिडचा संबंध तेथे सहज लक्षात येत नाही, म्हणून जाणता मार्गदर्शक प्रवाशांना आधी खुफू राजाच्या नौकेपाशी नेतो. महापिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ मध्ये सापडलेली, लेबनॉनच्या देवदार लाकडाची ही सुमारे ४३ मीटर लांबीची नौका १२२४ सुट्या भागांतून पुन्हा जुळवण्यात आली, आणि २०२१ मध्ये ती भव्य इजिप्शियन संग्रहालयाच्या आवारात हलवण्यात आली. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या, पपायरस या वनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या नोंदी त्याहूनही बोलक्या आहेत. मेरेर नावाचा एक अधिकारी आपल्या तुकडीसह तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नौकांवर लादून गीझाला कसा नेत असे, याचा दिवसावार हिशेब त्यांत आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचल्यावर पिरॅमिडची गोष्ट नौकेच्या फेऱ्यांपासून सांगायला हवी, हे पटते.

लक्झरमध्येही हेच सूत्र पुढे चालते. कर्नाकच्या मंदिरात हत्शेपसुत राणीचा सुमारे ३० मीटर उंचीचा ओबेलिस्क आजही उभा आहे. एकाच अखंड पाषाणातून घडवलेला हा स्तंभ अस्वानच्या ग्रॅनाइटचा आहे, आणि तो खडकातून कोरून काढण्यास सात महिने लागले असे त्याच्या पायथ्याच्या लेखात नोंदवलेले आहे. असे दोन ओबेलिस्क एका प्रचंड तराफ्यावर ठेवून, वल्हवणाऱ्या नौकांच्या रांगांनी ओढून आणल्याचे शिल्प नदीच्या पश्चिम तीरावर देर अल-बहरी येथील तिच्याच मंदिरात आहे. कर्नाक आणि लक्झर मंदिरांना जोडणारा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा स्फिंक्सचा मार्ग २०२१ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. ओपेत उत्सवात अमुन देवाची मूर्ती कर्नाकहून लक्झरला नेली जात असे. लक्झर मंदिरात तुतनखामुनच्या काळात कोरलेल्या शिल्पपटात देवाच्या नौका, त्यांना काठावरून दोरखंडांनी ओढणारी माणसे आणि सोबतचे वाजंत्री तपशिलाने दाखवलेले आहेत.

पश्चिम तीरावरील राजांच्या दरीत तर मृत्यूनंतरचा प्रवासही नौकेतूनच होतो. तिसऱ्या थुतमोसच्या थडग्याच्या भिंतींवर सूर्यदेवाच्या नौकेचा रात्रीच्या बारा तासांचा मार्ग चितारलेला आहे. त्यातील वाळूच्या प्रदेशात पाणी नसल्याने नौका ओढून न्यावी लागते आणि तिचेच सर्पात रूपांतर होते. नदीकाठच्या माणसांनी परलोकाची कल्पना करतानाही पाणी आटल्यावर नौकेचे काय करायचे याचा विचार केला होता, ही बाब मला तेथील सोन्यापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

दहबियात चढण्यासाठी लक्झरहून गाडीने इस्नापर्यंत जावे लागते, कारण तेथील बंधाऱ्याच्या जलद्वारातून जाताना लागणारा वेळ टाळून या नौका बंधाऱ्याच्या दक्षिणेकडूनच निघतात. इस्नाचे ख्नुम देवाचे मंदिर आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ मीटर खाली आहे, कारण मंदिराचा बराच भाग गाडला गेल्यावर गाव त्याच्याभोवती आणि वर वाढत राहिले. रोमन काळात उभारलेल्या या दालनाच्या भिंती आणि छत काजळीने काळवंडले होते. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी ती काजळी काळजीपूर्वक काढायला घेतली, तेव्हा खाली निळे, पिवळे, तांबडे रंग जवळजवळ जसेच्या तसे आढळले. इजिप्तची मंदिरे मातकट रंगाची होती, हा आपला समज येथे मान वर करताच गळून पडतो.

इस्ना सोडल्यावर शिडात वारा भरला की नौका आवाज न करता सरकू लागते. वारा पडला तर एक छोटी इंजिनची होडी दोर बांधून तिला ओढते. माहितीपत्रकांत या होडीचे छायाचित्र सहसा नसते, पण प्रत्येक फेरीत ती मागेपुढे असतेच, आणि तिच्याविना कोणतेही वेळापत्रक पाळता येणार नाही, हे जाणाऱ्याने आधीच जाणून असलेले बरे.

मोठी जहाजे जेथे थांबत नाहीत अशा ठिकाणी काठाला लागता येणे, हा या नौकेचा खरा लाभ आहे, आणि अल-काब हे अशा ठिकाणांपैकी पहिले. दहा मीटरांहून अधिक जाडीच्या कच्च्या विटांच्या तटबंदीमागे, टेकडीच्या कपारीत काही थडगी ओळीने खोदलेली आहेत. त्यांतील एक थडगे इबानाचा मुलगा अहमोस या नौसैनिकाचे आहे. इ. स. पू. सोळाव्या शतकात परकीय हिक्सोस राजांची राजधानी अवारिस जिंकण्याच्या लढाईत तो होता. त्याने तीन राजांच्या हाताखाली सेवा केली, शौर्याबद्दल त्याला सात वेळा सोने मिळाले, आणि हे सर्व त्याने भिंतीवर प्रथमपुरुषी निवेदनात लिहवून घेतले आहे. आपण वडिलांच्या जागी 'रानबैल' नावाच्या नौकेवर कसे रुजू झालो आणि तेथून 'उत्तर' नावाच्या नौकेवर आपली नेमणूक कशी झाली, हे तो एखाद्या सेवापुस्तिकेतल्यासारखे क्रमाने सांगतो. इजिप्तच्या दक्षिणेकडील नूबिया प्रदेशातल्या मोहिमेत खवळलेल्या पाण्यातून नौका ओढून नेताना आपण दाखवलेल्या धैर्यामुळे आपल्याला नौदलात बढती मिळाली, असेही तो नोंदवतो. राजाने लिहवलेले लेख नाईलच्या काठी जागोजागी आहेत, परंतु एका दर्यावर्दी माणसाने स्वतःच्या नोकरीचा दिलेला असा वृत्तांत विरळा आहे. त्याचा नातू पाहेरी याच्या शेजारच्याच थडग्यात शेतीची सुरेख चित्रे आहेत. धान्याची पोती नौकांवर चढवणारे हमाल त्यांत दिवसभर ओझी वाहावी लागत असल्याची कुरकुर करताना दाखवले आहेत, आणि त्यांचे शब्दही चित्रावर लिहिलेले आहेत. या ठिकाणी मार्गदर्शकाला लिपी वाचता येते की तो केवळ पाठ केलेले सांगतो, हे लगेच कळते.

एडफूचे होरस मंदिर इ. स. पू. २३७ मध्ये सुरू होऊन इ. स. पू. ५७ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ते ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांचे आहे, जुन्या फॅरोंचे नव्हे. सुमारे ३६ मीटर उंचीचे त्याचे प्रवेशद्वार आणि शाबूत छत यांमुळे मंदिराचा संपूर्ण आराखडा येथे जितका नीट समजतो तितका अन्यत्र क्वचितच समजतो. दरवर्षी देंदेरा येथील हाथोर देवीची मूर्ती नौकेतून प्रवाह चढून होरसच्या भेटीला येथे आणली जात असे. आज धक्क्यापासून मंदिरापर्यंत पर्यटकांना घोडागाडीने नेण्याची पद्धत आहे. तेथील घोड्यांची अवस्था अनेकदा पाहवत नाही, त्यामुळे दुसरे वाहन मागणे उचित ठरते.

एडफूच्या दक्षिणेस गेबेल अल-सिल्सिला येथे दोन्ही काठांचे वालुकाश्म इतके जवळ येतात की नदीचे पात्र एकदम अरुंद होते. अठराव्या राजवंशापासून पुढे कर्नाक, लक्झर, रामेसियम आणि मेदिनेत हाबू या मंदिरांचा दगड प्रामुख्याने येथूनच गेला, आणि एडफूचा दगडही येथलाच. पूर्व काठावरील खाणीत उतरल्यावर सरळ उभे कापलेले कडे दिसतात आणि त्यांवर छिन्नीच्या तिरक्या रेघा ओळींमागून ओळी उमटलेल्या असतात. ठोकळे एकसारख्या मापाने निघावेत म्हणून खडकाचे थर वरून खाली क्रमाने काढले जात, ही कामाची रीत त्या रेघांवरून वाचता येते. खाण नदीला लागूनच असल्याने ठोकळा नौकेवर चढवण्यासाठी फार दूर न्यावा लागत नसे, आणि तेथून पुढचे काम उत्तरेकडे जाणारा प्रवाह करीत असे. पश्चिम काठावर होरेमहेब राजाने खडकात कोरवलेले मंदिर आहे. रामसेस दुसरा, मेरनेप्ताह आणि रामसेस तिसरा यांचे शिलालेखही तेथे आहेत. नाईलचा देव हापी याला वर्षातून दोनदा नैवेद्य अर्पण करावा, अशी आज्ञा त्यांत आहे. कर्नाकचे खांब पाहून चार दिवस उलटले असताना त्यांच्या दगडाची रिकामी जागा येथे पाहायला मिळते. पूर्ण झालेल्या इमारतीकडून तिच्या खाणीकडे जाणारा हा क्रम केवळ प्रवाह चढून येणाऱ्यालाच लाभतो, आणि माझ्या मते या सहलीचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

कोम ओम्बोचे मंदिर सोबेक आणि हारोएरिस या दोन देवांचे असल्याने त्यात सर्व काही जोडीने आहे, दारे आणि गाभारेदेखील. त्याच्या प्रवेशद्वाराचा काही भाग नदीनेच गिळला. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत, परंतु जिवंत मगरी आता अस्वानच्या उंच धरणापलीकडेच आढळतात.

ज्यांना दहबियाचा खर्च परवडत नाही किंवा अधिक साधेपणा हवा असतो, ते अस्वानहून फेलुकाने एक-दोन रात्रींचा प्रवास करतात. फेलुकात खोल्या नसतात. फळ्यांवर गाद्या अंथरलेल्या असतात, उन्हासाठी वर कापड ताणलेले असते आणि रात्री नौका काठाला बांधली जाते. गव्हाचा भाकरीसारखा ऐश, शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा 'फूल' नावाचा पदार्थ आणि जास्वंदीच्या कुळातील फुलांचे करकदे हे आंबटसर पेय असे सामान्यतः जेवण असते. कर्णधाराला रईस म्हणतात, आणि अस्वानकडील रईस बहुधा नूबियन असतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ प्रवासाला योग्य असला तरी वसंतात दक्षिणेकडून खमसीन हा धुळीचा उष्ण वारा सुटतो, आणि तो असेपर्यंत शीड उभारून दक्षिणेकडे जाता येत नाही.

अस्वानला पोहोचल्यावर ग्रॅनाइटची खाण पाहायची असते. सुमारे ४२ मीटर लांबीचा एक ओबेलिस्क तेथे अजून खडकाला चिकटलेला आहे. काम चालू असताना त्याला तडे गेले, म्हणून तो सोडून देण्यात आला. त्याच्या कडेने काळ्या कठीण डोलेराइटच्या गोट्यांनी ठेचून केलेले चर आहेत. तो निघाला असता तर त्याचे वजन हजार टनांहून अधिक भरले असते, आणि तेवढे वजन पेलणारी नौका बांधण्याचा विचार त्या लोकांनी केला असलाच पाहिजे.

फिले येथील इसिसचे मंदिर १९७० च्या दशकात मूळ बेटावरून सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारण्यात आले, कारण १९०२ च्या जुन्या धरणामुळे ते वर्षातील बराच काळ पाण्यात राहत असे. उंच धरणाच्या वेळी नूबियातील स्मारके वाचवण्यासाठी युनेस्कोने जगाला केलेल्या आवाहनाला भारतानेही प्रतिसाद दिला होता, आणि १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाने बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियातील अफिये येथे उत्खनन केले. अबू सिंबेलची मंदिरे अस्वानपासून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर दूर आहेत. 'पहिला धबधबा' म्हणून ओळखला जाणारा नदीचा खडकाळ, खळाळता टप्पा आणि दोन धरणे यांमुळे दहबिया तेथे जाऊ शकत नाही, म्हणून प्रवासी पहाटेच गाडीने निघतात.

अस्वानच्या धक्क्यावर एक गट उतरतो तेव्हा दुसरा गट चढण्यासाठी थांबलेला असतो. त्या गटाचा प्रवास प्रवाहाबरोबर पण वाऱ्याविरुद्ध असतो, आणि त्यात शीड कमी वेळा उभारले जाते. पर्यटन संस्था दोन्ही फेऱ्या एकाच नावाने विकतात. ज्यांना खरोखर शिडावर चालणाऱ्या नौकेतून जायचे आहे, त्यांनी नोंदणी करताना इस्नाहून निघणारी फेरी मागावी.