गोंड्याएवढा लाल

[सुभाषनगर, कोल्हापूर. सकाळ. चप्पल बांधणारे हात जवळून.]

हा कान. ही वेणी. हा अंगठा. आणि आता वर बसतोय तो गोंडा, लाल लोकरीचा. त्याच्या बुडाशी हिरव्या दोऱ्याचे दोन वेढे आणि कडेनं बारीक पिवळी शिवण. तिन्ही रंग मिळून जागा किती, तर सुपारीएवढी. बाकी सगळी चप्पल कातड्याच्या आपल्या तपकिरी रंगात. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावल्यावर येतो तो रंग.

मी टी-शर्टांची डिझाइनं करतो, दुकानांचे लोगो करतो. तीन भडक रंग एकत्र कसे नांदवायचे, हे मी या गोंड्याकडून शिकलो.

कोल्हापूरच्या माणसाला भडक रंगाचं भय नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर या. 'चांगभलं'च्या गजरात गुलाल असा उधळतो, की पायऱ्या, सासनकाठ्या, माणसांच्या पापण्यासुद्धा गुलाबी होतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतो आणि सगळं पिवळंधमक होतं. शहराबाहेर पडलं की उसाचा हिरवा. या रंगांतच आम्ही वाढलो. पण डोंगरावर राज्य गुलालाचं आणि कोडोलीत भंडाऱ्याचं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एका तरुण मंडळाच्या टी-शर्टासाठी मी पांढऱ्या कापडावर गुलाबी, पिवळा, हिरवा असे तिन्ही रंग सारख्या मापात घेतले. हिरव्या पट्ट्यावर मंडळाचं नाव गुलाबी अक्षरांत. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं. छापून आलं आणि दहा पावलांवरून नाव वाचता येईना.

[स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना. फ्रेमवरून सरकणारा रंग.]

छपाईवाले मामा म्हणाले, "रंग ब्येस हाय, पण अक्षर गिळलंय की त्यानं." त्यांनी मोबाइलवर शर्टाचा फोटो घेतला, काळा-पांढरा केला आणि माझ्यापुढं धरला. हिरवा आणि गुलाबी, दोन्ही अगदी एकच करडे! रंग वेगळे होते, पण उजळपणा सारखा होता. अक्षराची कड डोळा मुख्यतः उजेड-अंधारावरून पकडतो. तेव्हापासून कुठलंही काम गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मी ते काळं-पांढरं करून बघतो. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तर ते करायलाच हवं.

शेजारी बसलेले रंग एकमेकांना काय करतात, हे पॅरिसमध्ये शेव्हरल नावाच्या रसायनतज्ज्ञानं शोधलं. गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचं खातं त्यांच्याकडं होतं. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर धाग्याचा रंग पक्का होता, शेजारचे रंग त्याला फिकं दाखवत होते. 1839 साली त्यांनी यावर ग्रंथच काढला. लाल आणि हिरवा शेजारी आले की एकमेकांना चढवतात, हेही त्यात येतं. गोंड्याच्या बुडाशी हिरव्याचे दोनच वेढे का पुरतात, ते मला तिथं उमगलं.

फॅशनमध्येही बघा. 1965 साली इव्ह सँ लोराँनं चित्रकार मोंद्रियानच्या चित्रांवरून झगे केले. लाल, पिवळा, निळा. पण त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या झग्यावर पांढरी जागा भरपूर आहे आणि रंगांमध्ये जाड काळ्या रेघा. त्या मोकळ्या पांढऱ्यामुळं तिन्ही रंगांना श्वास मिळतो. चप्पलेत ते काम कातडं करतं.

मंडळाचा शर्ट मी पुन्हा केला. या खेपेला कापडच भंडाऱ्यासारखं पिवळं घेतलं. मामांनी आधीच बजावलं होतं, पिवळ्यावर गुलाबी मारला की तो केशरीकडं झुकतो. म्हणून गुलाबी छापलाच नाही, बाह्यांच्या कडेला बोटभर रुंदीची गुलाबी पट्टी शिवून घेतली. उरला गडद हिरवा, तो फक्त नावाला. एका रंगाला एक फ्रेम लागते, म्हणजे पहिल्या वेळच्या तीन फ्रेमांऐवजी आता एकच.

मामा फ्रेम उचलतात. ओला शर्ट दोन्ही हातांनी धरून दाराबाहेर पडतात, रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहतात आणि तिथूनच ओरडतात, "वाचा आता!"