दातावरचा शेंदूर

[दृश्य: खंबाटकीचा बोगदा, केबिनमधून. दिव्यांच्या रांगा.]

काचा खाली घेतल्यात. मिस्त्री सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असं ठरलंय.

ऐका. इंजिनाच्या घरघरीखाली एक सूर लागलाय.

"पाय उचला," मिस्त्री म्हणतात. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. सूर गेला.

"दाबा." आला.

दोन आठवड्यांपूर्वी या ट्रकचं मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या दातेरी चाकांची पेटी, नव्यानं बांधलंय. क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान) नवं, बेअरिंग नवे, सील नवे, तेलही नवं. ट्रक उसाला लागला आणि पहिल्या खेपेपासून गायला लागला. मालक म्हणतात, नवा माल आहे, रुळेल.

मिस्त्रींचं गॅरेज साताऱ्याजवळ, महामार्गाला लागून आहे. आवाज ओळखायला ते ट्रक या घाटातच आणतात. आधी बोगदा, तिथं भिंती आवाज परत फेकतात. मग एस वळणाचा उतार. साताऱ्याकडच्या खंडाळ्याहून वळून परत निघालं की घाटाचा चढ. एका फेरीत ओढीचा, म्हणजे पाय दाबल्यावरचा, आवाजही कळतो आणि पाय उचलल्यावरचा सुटीचाही.

[दृश्य: उतार. स्टिअरिंगवरचे हात.]

उतारावर सूर नाही. ट्रक जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे झुलवला, फरक नाही. म्हणजे चाकाच्या हबच्या बेअरिंगवरचा संशय गेला. खरखरीत डांबरावरून गुळगुळीत पट्ट्यावर आला, तरी फरक नाही. टायरवरचाही गेला. कडेला उभा करून इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर नेलं. शांत. उरलं मागचं हाउसिंग, आणि तेही फक्त ओढीवर.

[दृश्य: घाटाचा चढ. स्पीडोमीटर.]

चढावर साठाच्या जरा खाली सूर सर्वांत स्वच्छ लागतो. आमच्या ध्वनिमुद्रकाला राहवलं नाही, त्यानं पेटीशी ताडून पाहिलं. काळी चार. हिशेबही जुळतो. हे चाक एका फेरीत साधारण 3.2 मीटर जातं, म्हणजे ताशी 58 किलोमीटरला सेकंदाला पाच फेऱ्या. क्राउनला 41 दात. सेकंदाला दोनशेहून थोडे जास्त दात पिनियनच्या दातांना भेटतात, आणि प्रत्येक भेटीत एक बारीक ठोका. काळी चार तिथंच आहे. मिस्त्रींना हा हिशेब सांगितला तर ते हसले. "पेटी कशाला, मला पायाला कळतं."

[दृश्य: गॅरेज. चेन-पुली. एक्सल शाफ्ट बाहेर ओढताना.]

चाकं न काढता शाफ्ट बाहेर येतात. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचा जॉइंट सोडला, तेल उतरवलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी चिखल आहे. तो नव्या दातांचा असतोच. चकाकणारी कपची नाही. शंभर किलोच्या वरचं डिफरन्शियल, म्हणजे क्राउन-पिनियनसकट आतला सगळा गोळा, चेन-पुलीवर लटकतं आणि हळूहळू टेबलावर बसतं.

क्राउन आणि पिनियनवर कोरलेला नंबर एकच आहे. दोघांचे दात कारखान्यात एकमेकांवर घासूनच जोडी ठरते, ती फोडायची नसते.

[दृश्य: डायल गेज. सुई.]

आता प्ले, म्हणजे दोन दातांमधली मोकळी जागा. क्राउन हातानं मागंपुढं हलवायचं आणि सुई किती फिरते ते पाहायचं. 0.30 मिलिमीटर. अवजड हाउसिंगला साधारण 0.20 ते 0.40 चालतो. म्हणजे आधीच्या माणसानं प्ले नीट लावला होता. बहुतेक गॅरेजांत काम इथंच संपतं. प्ले बसला, झाकण लावा, तेल भरा, संध्याकाळी गाडी द्या.

मिस्त्री वाटीत शेंदूर कालवतात.

[दृश्य: वाटी. तेल. ब्रश. केशरी झालेले दात. दृश्य लांब ठेवावे.]

मारुतीला लावतात तोच, तेलात. क्राउनच्या पाच-सहा दातांवर पातळ हात फिरवायचा. एकानं क्राउनला लाकडाच्या ठोकळ्यानं अडवून धरायचं, दुसऱ्यानं पिनियन फिरवायचं. दात दाताला जिथं टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो ठसा वाचायचा.

प्लेमुळं कळतं दोन दातांमध्ये जागा किती आहे. पिनियन आत किती शिरलंय, हे त्यातून कळत नाही. ते ठसा सांगतो. इथं ठसा दाताच्या माथ्यावर उमटलाय, कडेला घासून. पिनियन बाहेर राहिलंय. पिनियन किती आत शिरतं ते पातळ पत्र्याच्या पत्त्यांवर ठरतं, आणि नव्या पिनियनला जुन्याच पत्त्या घातल्या होत्या.

केजखालची, म्हणजे पिनियनचे बेअरिंग धरणाऱ्या भागाखालची, एक पत्ती काढली. पिनियन आत गेलं, त्यामुळं प्ले कमी झाला. मग क्राउन बाजूच्या नटांवर तेवढंच मागं सरकवायचं. पुन्हा डायल, पुन्हा शेंदूर. ठसा खाली आला, पण बाहेरच्या टोकाकडे पळाला. क्राउन पुन्हा थोडं जवळ. पुन्हा शेंदूर.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. दुपार. नंतर ट्यूबलाइट.]

मालक दोनदा येऊन गेले. काम ठोक रकमेवर ठरतं. पत्ती एकदा बदलली काय आणि पाचदा बदलली काय, मजुरी तीच. आम्ही मोजलं: मिस्त्रींनी दिवसभरात शेंदूर चार वेळा लावला.

चौथा ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे. तसाच हवा, भार आला की तो बाहेर पसरतो.

शेंदूर म्हणजे शिसं, म्हणून मिस्त्री जेवणाआधी हात साबणानं दोनदा धुतात. आणि माथ्यावर ठसा असलेलं हाउसिंग तसंच पळवलं तर कधीतरी दात तुटतो, घाटात भरल्या गाडीची चाकं जाम होतात किंवा ओढच जाते.

[दृश्य: पहाट. पुन्हा घाट. केबिन.]

ओढीवर, साठाच्या खाली.

"पाय उचला. दाबा."

सूर आहे, पण आता इंजिनाच्या आवाजात बुडालाय. दोन आठवडे चुकीच्या जागी घासलेले दात काही परत कोरे होत नाहीत, मिस्त्री आधीच म्हणाले होते.

ड्रायव्हर विचारतो, "मिस्त्री, एवढा राहणार?"

"एवढा राहणार. वाढला तर या."

[दृश्य: ट्रक कारखान्याच्या रस्त्याला वळतो. आवाज तसाच ठेवावा, संगीत नको.]