चिमणीचा हिशोब मे महिन्यातला करा

ठाणे-बेलापूर रोडनं तुर्भ्याकडे निघालात की डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि पायथ्याशी रबाळे, महापे, पावण्याची एमआयडीसी, शेडांच्या वर डोकं काढलेल्या चिमण्या. लोकांना वाटतं चिमणी म्हणजे धूर वर सोडायचा पाइप. पण जिथे पंखा नाही तिथे चिमणीच भट्टीतला गॅस ओढून घेते, आणि ही ओढ, म्हणजे ड्राफ्ट, येते उंचीतून आणि आतबाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकातून.

बाहेर 30 डिग्री असेल तर एक घनमीटर हवा भरते साधारण 1.16 किलो, आत 200 डिग्रीचा फ्ल्यू गॅस, म्हणजे भट्टीतून निघालेला जळका गॅस, जेमतेम 0.75 किलो. या फरकावर उंचीच्या मीटरमागे 4 पास्कल दाबाची ओढ मिळते, 30 मीटरला झाले 120, म्हणजे फक्त 12 मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब! आणि तेवढ्यात बर्नर, ट्यूबा, डक्ट, डॅम्पर (गॅसची वाट कमीजास्त करायची झडप), सगळ्यांचा अडथळा भागवायचा.

आता बघा, जानेवारीच्या पहाटे 15 डिग्रीला हीच चिमणी 140 पास्कल ओढते आणि मे महिन्यात दुपारी 38 झालं की 115 वर येते, म्हणून डिझाइन मे महिन्याचंच पाहिजे, थंडीत जास्त झालं तर डॅम्पर आहेच. लॅगिंगचे, म्हणजे चिमणीवरच्या उष्णतारोधक आवरणाचे, पैसे वाचवायचे नाहीत. जुलैच्या पावसात उघडा पत्रा गार पडून आतलं सरासरी तापमान 150 वर उतरलं तर सव्वाशेचे शंभर राहतात, वर इंधनात सल्फर असेल तर आतून ॲसिड सुटून पत्रा खातं ते वेगळंच.

व्यासाचं पण तसंच. निम्मा केला की वेग चौपट आणि घर्षण 32 पट, सगळी ओढ तिथेच संपली. उगाच मोठा ठेवला तर गॅस रेंगाळतो, थंड होतो, वरून गार हवा आत घुसते.

आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र, ताशी जितके किलो सल्फर डायऑक्साइड त्याचा 0.3 घात गुणिले 14, कमीत कमी 30 मीटर, म्हणजे 20 किलोला 34 मीटर, ते ड्राफ्टसाठी नाहीच, ते ऐरोली-घणसोलीत खिडकी उघडणाऱ्या माणसासाठी आहे. दोन्ही हिशोब करायचे, मोठा आकडा घ्यायचा. मध्ये बॅग फिल्टर, म्हणजे धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या, बसवलात तर मात्र नुसत्या उंचीवर भागत नाही, तिथे आयडी फॅन, म्हणजे गॅस ओढणारा पंखा, लागतोच.