ताईत आणि चिलखत

अध्यक्षमहाराज, पाळकसाहेब आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आत्मिक युद्ध आणि देवाचं सार्वभौमत्व’. विषयाच्या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत मला पोचायचं आहे. पण वाट इफिस या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन ग्रीक शहरातून जाते आणि इफिसात पाय ठेवला की माणूस रेंगाळतो, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं.

नव्या करारातल्या, पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. सैतानाच्या डावपेचांपुढे टिकाव धरता यावा म्हणून देवाची शस्त्रसामग्री धारण करा, कारण आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. यातलं ‘झगडणं’ मूळ ग्रीकमध्ये ‘पाले’ आहे. पाले म्हणजे कुस्ती. सबंध नव्या करारात हा शब्द फक्त इथे, एकदाच येतो. ‘डावपेच’साठी मूळ शब्द आहे ‘मेथोदेइया’. त्याचा आखाड्याशी काही संबंध नाही, पण आपल्या भाषांतरकारांनी तिथे डाव आणि पेच आणून ठेवले आणि शेजारच्या कुस्तीला नेमका जोड मिळाला. मराठी बायबलमधल्या अशा जागा मला फार प्रिय आहेत.

आता प्रश्न असा, की पुढच्या ओळींत पौल ढाल, तलवार, टोप असं शिपायाचं सामान मांडणार आहे. मग सुरुवात कुस्तीने का? कुस्तीगीर तर अंगाला तेल लावून उघडाच उतरतो. अभ्यासकांनी याचा एक खुलासा सुचवलाय आणि मला तो पटतो. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

इफिस हे अर्तमी देवीचं शहर आणि मंत्रतंत्राचंही माहेरघर. तिथली सहा अक्षरं, खरं तर सहा शब्द, ग्रीक जगात प्रसिद्ध होती, ‘इफिसी अक्षरं’ म्हणून. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंत या जुन्या ख्रिस्ती लेखकाने ती नोंदवून ठेवलीत : आस्किऑन, कातास्किऑन, लिक्स, तेत्राक्स, दाम्नामेनेउस, ऐसिया. वरवर पाहता त्यांना अर्थ नव्हता आणि मंत्राला अर्थ लागायची गरजही नसते. भूतबाधा झालेल्याने ती म्हणावीत असा तोडगा मांत्रिक देत, हे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहिलंय. ती लिहून ताईत करून बांधतही. बायझंटाइन म्हणजे मध्ययुगीन ग्रीक कोशांमध्ये गोष्ट आहे, की ऑलिम्पियाच्या मैदानात इफिसचा एक पैलवान मिलेतच्या पैलवानाशी भिडला. मिलेतवाला काही केल्या त्याला पाडू शकेना. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की इफिसवाल्याच्या घोट्याला ही अक्षरं बांधलेली आहेत. ताईत सोडवला आणि गडी लागोपाठ तीस वेळा आपटला. ग्रीक कुस्ती तीन वेळा पाडलं की संपते, म्हणजे तीस हा आकडा गोष्ट सांगणाऱ्याच्या पदरचा. पण गोष्टीतला घोटा पाहा. आपल्याकडे दंडाला काळा दोरा आणि ताईत बांधून मातीत उतरणारा पैलवान ज्याने पाहिलाय, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पत्राच्या सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत ‘इफिस येथील’ हे शब्द नाहीत, हे मला माहीत आहे. पत्र त्या पट्ट्यातल्या अनेक मंडळ्यांत फिरवायचं असेल. त्याने फरक पडत नाही, हा दोरा सगळ्याच पट्ट्यात बांधला जात होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय एकोणीस काढा, इफिसातलाच प्रसंग. विश्वास ठेवलेल्या लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तकं आणून सर्वांसमक्ष जाळली आणि किंमत भरली ५०,००० चांदीची नाणी. एक नाणं म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची मजुरी. आठवड्याला सहा दिवस राबणाऱ्याची ही दीडशे वर्षांहून अधिक कमाई झाली. आणि हे पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, की ती आणणारे विश्वासणारेच होते. म्हणजे बाप्तिस्मा झाल्यावरही पुस्तकं घरात होती. पौलाच्या पत्राची वाचणारी, ऐकणारी माणसं ही अशी आहेत. घोट्याचा ताईत सोडलेला पैलवान आता कशाच्या जोरावर उभा राहणार, हा त्यांचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे शस्त्रसामग्री.

आणि इथेच माझी तक्रार आहे. आपण त्या शस्त्रसामग्रीचाच ताईत करून टाकलाय. रोज सकाळी हाताने खूण करत टोप घातला, कमर बांधली, जोडे चढवले असं म्हणायचं, आणि एखादा भाग म्हणायचा राहिला तर दिवसभर धास्ती बाळगायची. वचनाची चिठ्ठी उशाखाली ठेवायची. ‘येशूच्या नावात’ हे शब्द सात वेळा, वाढत्या आवाजात म्हणायचे. त्याच अध्यायातल्या, स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी हेच केलं होतं. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ, असं म्हणून ते भूत काढायला गेले. भुताचं उत्तर आलं, येशूला मी ओळखतो, पौलही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन पळाले. त्यांची चूक नेमकी सांगायची तर नाव खरं होतं, नात्याचा पत्ता नव्हता. नाव त्यांनी सातवं इफिसी अक्षर म्हणून वापरलं.

आता ढाल. मराठीत ढाल म्हटलं की आपल्यासमोर मावळ्याची गोल, कातड्याची, मनगटावर पेलायची ढाल येते. पौलाचा शब्द आहे ‘थुरेओस’, तो ‘थुरा’वरून आला, म्हणजे दार. पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमी ढालीचं माप दिलंय, अडीच फूट रुंद, चार फूट उंच. लाकडाचे दोन थर सरसाने चिकटवलेले, वर कापड, त्यावर वासराचं कातडं, वरच्या आणि खालच्या कडेला लोखंडी पट्टी. वरची पट्टी तलवारीच्या घावासाठी आणि खालची, ढाल जमिनीवर टेकवली तर झिजू नये म्हणून. सीरियात दुरा-युरोपोस इथे पुढच्या काळातली अशी एक ढाल रंगासकट सापडली, उंची साडेतीन फुटांच्या आसपास. हे दार पुढ्यात धरून माणूस त्याच्या आड उभा राहतो, आणि शेजारच्याचं दार त्याला लागून असतं.

उपदेशात हमखास ऐकू येतं, की शिपाई ढाल पाण्यात भिजवत, म्हणून जळते बाण विझत. पोलिबियसच्या वर्णनात पाण्याचा उल्लेखही नाही. जळतं अस्त्र काय करतं हे लिव्ही या रोमी इतिहासकाराने स्पेनमधल्या सागुंतुम शहराच्या वेढ्याच्या वर्णनात सांगितलंय. फालारिका नावाचं. देवदाराचा गोल दांडा, पुढे तीन फूट लोखंड, त्याला तागाचे धागे गुंडाळून डांबर माखलेलं. ते अर्धवट पेटल्यावर फेकत, म्हणजे वाऱ्याने ज्वाळा वाढे. आणि लिव्ही म्हणतो, ते अंगात न घुसता नुसतं ढालीत रुतलं तरी भयंकर, कारण आगीच्या भीतीने शिपाई ढाल टाकून देई आणि पुढच्या घावांना उघडा पडे.

हे दोनदा वाचण्यासारखं आहे. जळतं अस्त्र स्वतः मारतं थोडं, ते हातातली ढाल टाकायला लावतं. आजार आला, पोर दगावलं, नोकरी गेली, तो रुतलेला बाण. ‘देव नाहीच’ किंवा ‘देवाने मला सोडलं’ असं वाटून हात सैल होणं, शत्रूला हवं असतं ते हेच.

आणखी एक ऐकीव दाखला, तोही सोडून द्यावा. ‘पाठीला चिलखत नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने पळू नये.’ रोमी चिलखत पाठ झाकतं, कड्यांचं असो की पट्ट्यांचं. न पळण्याचं कारण दुसरं आहे. हे सामान मुळात रोमी नाहीच. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणसाठावा अध्याय उघडा. न्याय मागे फिरलाय, मध्यस्थी करायला कुणी नाही, तेव्हा देव स्वतः नीतिमत्त्वाचं उरस्त्राण घालतो, तारणाचा टोप डोक्यावर ठेवतो. कमरपट्टा यशया अकरामधला, सुवार्ता आणणारे पाय यशया बावन्नमधले. पौल देवाचं वापरलेलं चिलखत आपल्याला देतोय. लढाई कुणाची आहे हे त्यावरूनच कळतं, आणि माझ्या दुसऱ्या अर्ध्याचं बीज इथेच आहे.

ते घालायचं कसं? चौथ्या अध्यायात, त्याच पत्रात, पौलाने सांगून ठेवलंय. लबाडी टाका, शेजाऱ्याशी खरं बोला : हा कमरपट्टा. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, हाताने कष्ट करावे, गरजवंताला द्यायला जवळ काही असावं : हे उरस्त्राण. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, आणि लगेच पुढे, सैतानाला वाव देऊ नका. वाव कुठे मिळतो याचा पत्ता इतका स्पष्ट दिलाय आणि आपण तो चौकातल्या लिंबू-मिरचीत शोधतो. भावाशी बांधावरून भांडण झालं, बोलणं बंद झालं, कोर्टाच्या तारखा पडताहेत, अशा घरात जोरात प्रार्थना केली म्हणून जोडे पायात चढत नाहीत. शांतीच्या सुवार्तेचे जोडे आहेत ते. आधी भावाच्या दारात जायचं.

मराठीत ‘तुम्ही’ एकालाही म्हणतात आणि अनेकांनाही. ग्रीकमध्ये इथे सगळी रूपं अनेकवचनी आहेत. चिलखत मंडळीने मिळून घालायचं आहे.

आणि बाधा झाली म्हणून कुणी दार ठोठावलं तर? झटके, झोप उडणं, आवाज ऐकू येणं असेल तर आधी डॉक्टर. चालू गोळ्या बंद करायला कुणी सांगू नये. मारणं, उपाशी ठेवणं, बांधणं मुळीच नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते पापच होतं. प्रार्थनेला एकट्याने बसू नये, घरचं माणूस सोबत असावं. कॅथलिक मंडळीत बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय बाधा काढण्याचा विधी कुणा फादरला करता येत नाही. १६१४च्या रोमी विधिग्रंथातच बजावलंय, की बाधा झाली असं चटकन मानू नये. चारशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण आपण प्रॉटेस्टंटांनीही घ्यावं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. सार्वभौमत्व दहा मिनिटांत सांगायचं, तर भराभर घेतो.

जुन्या करारातली दोन पुस्तकं शेजारी ठेवा. २ शमुवेल २४ : इस्राएलावर परमेश्वराचा कोप भडकला आणि त्याने दावीद राजाला लोकांची शिरगणती करायला प्रवृत्त केलं. १ इतिहास २१ : सैतानाने प्रवृत्त केलं. प्रसंग एकच. विरोधकांनी यात विसंगती दाखवली आणि आपण ती लपवली. लपवू नका. एकाच कृत्यात तीन हात आहेत : दावीदाचा गर्व, सैतानाची चिथावणी, आणि दोघांच्या वर देवाचा न्याय. दावीद कुणाकडेही बोट दाखवत नाही, ‘मी पाप केलं’ म्हणतो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबही बजावतो, देव कुणाला मोहात पाडत नाही. तेव्हा दुष्टाई देवाच्या हातून निसटलेली नाही आणि ती देवाच्या मनातून उपजलेलीही नाही. ही दोन वाक्यं एकत्र धरणं जड आहे, पण एक सोडलं की एकतर दोन देव होतात, नाहीतर देवच दुष्ट होतो.

आता ईयोब, जुन्या करारातला संकटांत सापडलेला नीतिमान माणूस. त्याच्या पुस्तकात ४२ अध्याय, सैतान दिसतो फक्त पहिल्या दोनांत. हिब्रूत ते नाव नाही, हुद्दा आहे, आरोप ठेवणारा. आणि परवानगी मोजून दिली जाते. आधी, त्याच्या अंगाला हात लावू नको. मग, प्राणाला हात लावू नको. पुढची सगळी चर्चा, ईयोबाचा आक्रोश, मित्रांची भाषणं, यांत सैतानाचं नाव एकदाही येत नाही. कुठला आत्मा, कुणी केलं, कुणी करणी केली हे ईयोब शोधत बसत नाही. तो देवाशी भांडतो, थेट. शेवटी परमेश्वर म्हणतो, की तोच माझ्याविषयी योग्य बोलला. स्वर्गात काय झालं होतं हे ईयोबाला अखेरपर्यंत कळतच नाही.

ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने लिहिलंय, की कुठलीच दुष्टाई होऊ न देण्यापेक्षा दुष्टाईतून भलं काढणं देवाला अधिक चांगलं वाटलं. मेलेल्या मुलाच्या आईला हे वाक्य ऐकवू नये. तिच्याजवळ जाऊन बसावं. पण वधस्तंभाकडे बघताना हे वाक्य खरं असल्याचं दिसतं. हेरोद, पिलात, विदेशी, इस्राएलाचे लोक, सगळे आपापल्या दुष्ट हेतूने जमले, आणि प्रेषितांची कृत्ये चारमध्ये मंडळी प्रार्थनेत म्हणते, जे घडावं असं तू आधीच ठरवलं होतंस तेच यांनी केलं. कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो, तिथेच, वधस्तंभावर, दुष्ट आत्मिक सत्तांची शस्त्रं काढून घेतली गेली. म्हणून इफिसकरांस पत्राच्या त्या चार वचनांत ‘उभे राहा, टिकाव धरा’ हा धातू चारदा येतो आणि ‘चाल करा’ एकदाही येत नाही. मैदान जिंकलेलं आहे, ते सोडायचं नाही.

शेवटची जागा, लूक बावीस, शेवटच्या भोजनाची रात्र. येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, म्हणतो, ‘शिमोना, शिमोना, तुम्हांला गव्हासारखं चाळावं म्हणून सैतानाने मागणी केली, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून तुझ्यासाठी मी विनंती केली आहे.’ ‘तुम्हांला’ अनेकवचन, ‘तुझ्यासाठी’ एकवचन. हा फरक मराठीत वाचता येतो, हे आपलं भाग्य. सैतानाला मागावं लागलं. येशूने चाळण थांबवली नाही, प्रार्थना केली. त्याच रात्री शेकोटीपाशी पेत्र तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन रडला. पण ज्या वाक्यात चाळणीची बातमी होती, त्याच्या पाठोपाठच पुढचं कामही सांगून झालं होतं : तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर.