‘मी ढ झालोय’

नमस्कार. परळमध्ये बोलायला उभी राहिले की मला माझी शाळा आठवते. मीही इथल्याच एका मराठी शाळेत शिकले. आज समोर पालक आहेत आणि नुकतीच दहावी झालेली मुलंही आहेत. या मुलांच्या अकरावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांबद्दल मला बोलायचंय, कारण कॉलेजात समुपदेशन करताना सगळ्यात जास्त मुलं माझ्याकडे त्याच काळात येतात.

एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. दहावीला ९१ टक्के, शाळेत पहिला. चाळीत पेढे वाटले, गणपतीच्या मंडळानं सत्कार केला. दक्षिण मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. आणि ऑक्टोबरात तो माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, मी ढ झालोय.” ‘मी ढ आहे’ असं नाही म्हणाला, ‘झालोय’ म्हणाला. म्हणजे चार महिन्यांत काहीतरी घडलं होतं.

काय घडलं होतं? त्याची बुद्धी होती तिथेच होती. बाजूच्या बाकांवरची मुलं तेवढी बदलली होती. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं की स्वतःला मोजायला बाहेरचं पक्कं माप नसलं, की माणूस शेजारच्याकडे बघून स्वतःला मोजतो. पुढे १९८४ मध्ये मार्श आणि पार्कर यांनी शाळकरी मुलांबाबत हेच तपासलं. सारख्या कुवतीची दोन मुलं घ्या. हुशार मुलांच्या शाळेत गेलेल्याचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत दुसऱ्यापेक्षा खाली येतं. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला, की स्वतःला लहान समजू लागतो. पुढे अनेक देशांत हेच दिसून आलं. आपल्याकडे तर आपण कट-ऑफ लावून एकसारखी मुलं एका वर्गात गोळा करतो. त्या वर्गात पहिला येणारा एकच असणार, आणि बाकीचे बहुतेक सगळे आपापल्या शाळेतले पहिले-दुसरे.

या मुलाच्या बाबतीत त्यात भाषेची भर पडली. फिजिक्सच्या तासाला सर ‘मोमेंटम’ म्हणत होते. आपला मुलगा दोन आठवडे गप्प बसून होता. संवेग त्याला नीट येत होता, गणितंही सुटत होती. मोमेंटम म्हणजे संवेगच, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला याचा आजही राग येतो. वर्गात ‘ज्यांची शाळा मराठी, त्यांनी हात वर करा’ एवढं विचारायला शिक्षकाला किती वेळ लागतो? आम्ही दोघांनी वहीचं पान दुमडून दोन रकाने केले. संवेग, जडत्व, अपवर्तन एकीकडे, इंग्रजी शब्द दुसरीकडे. पान भरत गेलं तसा तो ताठ बसू लागला.

सगळी मुलं इतक्या लवकर सावरत नाहीत, हेही सांगायला हवं. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८९० सालीच लिहून ठेवलंय की स्वाभिमान म्हणजे यश भागिले अपेक्षा. आणि छेदातला आकडा बहुतेक वेळा आपण पालक लिहितो. “क्लासची फी भरतोय ना, मग?” हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही कष्टाचे पैसे भरता, त्याची काळजी तुम्हाला असणारच. पण ते वाक्य मुलाला हिशेबासारखं ऐकू येतं. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते. मुलांचं स्वतःबद्दलचं एकूण मत दिसण्याशी सगळ्यात घट्ट बांधलेलं असतं, अभ्यासाशी त्याहून कमी. तेव्हा मुलगी आरशासमोर फार वेळ उभी राहते म्हणून रागावू नका. तिथे ती स्वतःला गुण देत असते, आणि कडक हातानं देत असते.

आता लक्ष कुठे द्यायचं ते. झोप उडाली, जेवण सुटलं, मित्रांचे फोन घेणं बंद झालं आणि हे दोनेक आठवडे तसंच चाललं, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणू नका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी, शांतपणे, थेट विचारा: “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट, बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलतात. मुलाला नुसता नंबर लिहून देऊ नका. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावून द्या.