सातपुड्यातला रक्ताचा थेंब

(पडद्यावर : धडगावकडे चढणारा घाट, पाड्यावरची घरं, आरोग्य उपकेंद्र)

नंदुरबार जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग. धडगाव, मोलगी, तोरणमाळ. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि पावरा समाजाची. इथं बोटाला सुई टोचून रक्त घेतात, ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी. हा आजार कळायचा तर आधी रक्त कळायला हवं.

(पडद्यावर : काचेच्या नळीत वेगळे झालेले थर)

नळीतलं रक्त यंत्रात वेगानं फिरवलं की त्याचे थर होतात. वर पिवळसर प्लाझ्मा, सुमारे ५५ टक्के. त्यात बहुतेक पाणीच. शिवाय क्षार, साखर आणि प्रथिनं. मधल्या पांढरट पापुद्र्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेतून वाहणारं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स. तळाशी लाल पेशी. आपलं काम या तळाशी आहे.

एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५० लाख लाल पेशी मावतात. त्यांना केंद्रक नसतं, आत हिमोग्लोबिन खच्चून भरलेलं असतं. तेच फुप्फुसातला ऑक्सिजन अंगभर पोचवतं. पेशी इतकी लवचिक, की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. तिचं आयुष्य सुमारे १२० दिवस.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं असतं : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. ती अडकली की पुढचं रक्त थांबतं. हाडं ठणकतात, छाती भरते, पोटात कळा येतात. या पेशी १०-२० दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात.

अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, अतिश्रम, यांनी दुखणं उसळतं. इथली कितीतरी कुटुंबं हिवाळ्यात ऊसतोडीला गुजरातेत जातात. पहाटेची थंडी, दिवसभराची तोड, प्यायला पुरेसं पाणी नाही. अशा फडावर अंग धरून बसलेल्या पोराला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

(पडद्यावर : रक्तपेढी, शीतकपाटातल्या पिशव्या)

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. रक्त फारच उतरलं तर दात्याच्या पिशवीतून वेगळ्या काढलेल्या लाल पेशी चढवतात. २ ते ६ अंशांत त्या ४२ दिवसांपर्यंत टिकतात.

ज्याला हा सदोष जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो, तो वाहक. आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं. मलेरियाच्या प्रदेशात हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो यामुळेच.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. गावपातळीवरच्या साध्या चाचणीत, रक्तात हे बदललेलं हिमोग्लोबिन असेल, तर ते टाकल्यावर द्रावण गढूळ होतं. पण द्रावण वाहकाच्या रक्तानंही गढूळ होतं आणि रुग्णाच्याही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पुढच्या तपासणीतच कळतो. सोयरीक जुळवणाऱ्या घरांनी हा दुसरा अहवाल मागून घ्यावा, तोही मुलगा-मुलगी दोघांचा.